धारची चांदमारी आणि तोळाभर पितळ

आमच्या भुसावळ-वरणगाव भागातल्या माणसांना देवास आणि धार ही गावं कधी फारशी परकी वाटली नाहीत. कुणाची आत्या तिकडे दिलेली असते, कुणाची सून तिकडून आलेली असते. माझी मामेबहीण देवासला दिली आहे. तिला मी ताई म्हणते. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, मध्य प्रदेश पोलिसांत हवालदार होते. घर देवासला आणि नोकरी धारला. शनिवार-रविवार मिळाला तर घरी, नाही तर नाही.

2016 सालच्या डिसेंबरात मामांनी ताईकडे जायचं ठरवलं. मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. एकट्याने एवढा प्रवास नको म्हणून सोबतीला मी निघाले. मामा वरणगावच्या आयुध निर्माणीत 35 वर्षं नोकरी करून 2004 मध्ये निवृत्त झालेले. हा कारखाना 1964 चा. बंदुकीची काडतुसं तिथे तयार होतात. आमच्या लहानपणी गावात घड्याळाची गरज नसे, भोंगा झाला की स्वयंपाकाला लागायचं.

मुक्ताईनगर सोडलं, अंतुर्ली फाटा मागे पडला की थोड्याच वेळात इच्छापूरच्या टेकडीवरचं इच्छादेवीचं देऊळ दिसतं आणि आपण मध्य प्रदेशात शिरलेलो असतो. पुढे बऱ्हाणपूर, मग डोंगरावर बसलेला असीरगड, खंडवा, सनावद. मोरटक्क्याच्या पुलावर बस हळू झाली तशी मामांनी खिडकीतून नर्मदामाईला रुपया टाकला आणि हात जोडले. बडवाह गेलं, घाट चढून इंदूर आलं आणि तिथून देवास म्हणजे तासाभराचा रस्ता. पिशवीत भरिताची वांगी आणि कळण्याचं पीठ होतं. माहेरची वांगी बघून ताईचे डोळे भरून आले. "बाबा, एवढं वजन कशाला उचललं? आता हाथ-मुँह धुवा, मी चाय ठेवते," ती म्हणाली. माळव्यातली मराठी अशी असते. निम्मे शब्द हिंदी, माया मात्र पुरी मराठी.

देवास गाव गमतीचं आहे. पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांनी इथे राज्य केलं आणि पुढे त्याच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. दोन्ही राजांना इंग्रजांकडून 15-15 तोफांची सलामी. धारचे राजेही पवारच आणि त्यांनाही 15. गावाच्या डोक्यावर टेकरी आहे. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. टेकरीच्या पायथ्याशी 'भानुकुल' हे कुमार गंधर्वांचं घर. 1948 साली आजारपणात ते हवापालटासाठी या गावात आले आणि 1992 मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत इथलेच झाले.

टेकरीच्या पायऱ्या चढून आम्ही दर्शन घेतलं. उतरताना मामांनी विचारलं, "नोटांचा कारखाना कुठल्या बाजूला गं?" देवासला सरकारी नोटा छापण्याचा कारखाना 1974 पासून आहे. ताईने हाताने दिशा दाखवली. मामा बराच वेळ तिकडे बघत राहिले. "त्यांचीही संध्याकाळी झडती होत असेल," ते म्हणाले. "आमची रोज व्हायची. डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे. 35 वर्षांत पितळेचा कीससुद्धा बाहेर नेला नाही मी." हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी मात्र ते पुन्हा आठवायची वेळ दुसऱ्याच दिवशी येणार आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं.

रात्री जेवताना भाऊजींनी सांगितलं की उद्या त्यांच्या तुकडीचा वार्षिक गोळीबाराचा सराव आहे. माळव्यात त्या मैदानाला चांदमारी म्हणतात. आपल्याकडेही जुनी माणसं म्हणतात. मामांच्या हातातला घास थांबला. "जावईबापू," ते म्हणाले, "एवढी वर्षं लाखो पुंगळ्या हाताखालून गेल्या, पण एक गोळी सुटताना जवळून पाहिली नाही. लांबून का होईना, बघता येईल का?" कारखान्यात गोळ्यांची चाचणी होते, पण ती दुसऱ्या विभागात. मामा पुंगळ्यांच्या तपासणीत होते. भाऊजींनी साहेबांना फोन केला. साहेबांनी लाल झेंड्याच्या मागे बसायच्या अटीवर परवानगी दिली.

पहाटेच्या बसने इंदूरमार्गे धार गाठलं. धुकं होतं. बस स्टँडसमोर पोहे-जिलेबी खाल्ली आणि मैदानावर पोचलो. दूर मातीचा मोठा बांध, त्याच्यापुढे लाकडी चौकटीवर चिकटवलेली लक्ष्यं, आणि इकडे जवानांनी पालथं पडून नेम धरायची जागा. कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, रायफली आणि काडतुसांच्या पेट्या आल्या होत्या. 32 जवान, प्रत्येकाला 10 काडतुसं. एकूण 320. रजिस्टरमध्ये आकडा लिहिला गेला आणि भाऊजींनी सही केली. त्या दिवशी हिशेब त्यांच्याकडे होता.

रायफल होती एस.एल.आर., म्हणजे स्वतः भरून घेणारी. 1962 च्या चीनच्या युद्धानंतर आपल्या सैन्याने ती घेतली आणि पुढे राज्याराज्यांच्या पोलिसांकडे आली. जुन्या थ्री नॉट थ्रीमध्ये प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागे ओढावा लागे आणि रिकामी पुंगळी माणसाच्या कुशीतच पडे. या रायफलीत तसं नाही. गोळी नळीतून पुढे जाताना तिच्या मागचा थोडा वायू वरच्या बारीक भोकातून दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या आतला खटका मागे नेतो, खटक्याचा आकडा पुंगळीच्या कडेला धरून तिला ओढून काढतो आणि उजवीकडे भिरकावतो. पुढे येताना तोच खटका नवं काडतूस आत बसवतो. चाप मात्र प्रत्येक वेळी नव्याने दाबायचा. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. म्हणून इथे पुंगळी पायाशी पडत नाही. चार-पाच पावलं लांब, गवतात, कधी शेजारच्या जवानाच्या पाठीवर. ती गरमही असते. एका पोराच्या कॉलरमध्ये गेली तर तो बिचारा ओरडायचाही नाही, कारण हातात भरलेली रायफल असते.

आम्ही कानात कापसाचे बोळे घालून बसलो. पहिला आवाज आला आणि मी दचकले. मामा दचकले नाहीत. ते गोळीकडे बघतच नव्हते. लक्ष्याला भोक पडलं की नाही, याचं त्यांना काही नव्हतं. त्यांची नजर उन्हात चमकून उजवीकडे उडणाऱ्या पिवळ्या ठिपक्यांवर होती. "बघ, एकही अडकली नाही," ते माझ्या कानाशी म्हणाले. "आत स्फोट होतो तेव्हा पितळ फुगतं आणि नळीला घट्ट बसतं, वायू मागे येऊ देत नाही. आणि लगेच आकसतं, म्हणून सुटतं. लोखंडाला हे इतकं चांगलं जमत नाही. 70 भाग तांबं, 30 भाग जस्त. आधी चकती, चकतीची वाटी, मग वाटी ओढून ओढून नळी. ओढलं की पितळ कडक होतं, म्हणून मधे मधे भट्टीत मऊ करायचं, धुवायचं, पुन्हा ओढायचं. शेवटी मानेला थोडा जाळ द्यायचा. तो कमी पडला तर मान तडकते. ती तडकलेली शोधायची, हे माझं काम."

सराव संपला, रायफली तपासून रिकाम्या करून ठेवल्या आणि मग खरं काम सुरू झालं. पुंगळ्या गोळा करायच्या. तिकडे त्यांना खोखे म्हणतात. जितकी काडतुसं दिली तितके खोखे परत आले पाहिजेत, हा नियम सैन्यात आहे, पोलिसांत आहे, एन.सी.सी.त शिकणाऱ्या मुलांनाही आहे. कारण सरळ आहे. रिकामी पुंगळी हा गोळी झाडल्याचा पुरावा. ती नसेल तर काडतूस झाडलं की कुणाच्या खिशातून बाहेर गेलं, हे कोण सांगणार? शिवाय पितळ महाग, ते सरकारजमा होतं.

परदेशात जिथे लोक हौसेने नेमबाजी करतात, तिथेही पुंगळ्या वेचतात, पण वेगळ्या कारणाने. अमेरिकेतले हौशी लोक त्या घरी नेऊन धुतात, साच्यात घालून मापाला आणतात, नवी टोपी, दारू आणि गोळी बसवून पुन्हा वापरतात. स्वतः भरणारी रायफल पुंगळ्या लांब फेकते आणि त्यांना पोचे पाडते म्हणून बाजूला कापडी पिशवी लावतात. आपल्याकडे सामान्य माणसाला अशी रायफलच मिळत नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.

सगळे जवान ओळीने वाकून गवत चाळू लागले. साहेबांना विचारून मामाही उठले. 70 च्या पुढचा माणूस गुडघ्यावर हात ठेवून वेचत होता आणि पोरं त्यांना "काकाजी, इधर भी है" म्हणून दाखवत होती. मी मामांच्या मागेच होते. त्यांनी एक पुंगळी उचलली, चष्मा वर करून तिचा तळ बघितला आणि तशीच उभी राहिली त्यांची मूर्ती. मलाही दाखवली. तळावर कोरलं होतं ओ.एफ.व्ही., आणि पुढे 98. ओ.एफ.व्ही. म्हणजे आमची वरणगावची निर्माणी. 98 म्हणजे 1998 साल. "तेव्हा मी तपासणीत होतो," मामा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

नंतर मी पाहिलं, की त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, पुंगळी त्यात ठेवली आणि घर पुन्हा खिशात घातलं. मी पाहिलं आणि गप्प बसले. वडीलधारा माणूस, त्यांना काय बोलायचं? आणि एवढीशी तर वस्तू. वजन जेमतेम तोळाभर.

ताडपत्रीवर पुंगळ्या दहा-दहाच्या ओळीत मांडल्या. 31 ओळी पुऱ्या झाल्या. बत्तिसाव्या ओळीत 9 होत्या.

भाऊजींनी पुन्हा मोजल्या. 319. पुन्हा सगळे गवतात. ऊन चढलं होतं. पाऊलभर जागा सोडली नाही. कुणी झुडपं हलवली, कुणी उंदराच्या बिळात काडी घातली. मग साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. खिसे उलटे, बूट काढा, मोजे झटका. ओळीच्या टोकाला एक नवा भरती झालेला मुलगा होता, झाबुआकडचा, विशीचा असेल. त्याच्या जागेवरच 9 मिळाल्या होत्या, असं कुणीतरी म्हणालं. त्याला बाजूला घेतलं. तो "नहीं साहब, माँ कसम" एवढंच म्हणत होता. भाऊजींचा चेहरा उतरला होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, रजिस्टरवर सही त्यांची. चौकशी लागली तर ती त्यांच्यावर आणि त्या पोरावर.

मी मामांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाहिलंय हे त्यांना कळलं असावं. ते उठले, ताडपत्रीपर्यंत गेले, चष्म्याचं घर उघडलं आणि पुंगळी बत्तिसाव्या ओळीच्या शेवटी उभी करून ठेवली.

"साहब, एक मेरे पास थी," ते म्हणाले. "लड़के का कुछ कसूर नहीं।"

कुणी काही बोललं नाही. साहेबांनी ती उचलली, तळ बघितला. मामांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, वरणगाव, तपासणी, 35 वर्षं. साहेब वयाने मामांच्या मुलासारखे. क्षणभर त्यांच्या मनात काय आलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांनी पुंगळी परत ओळीत ठेवली आणि म्हणाले, "गिनती पूरी। काकाजी को चाय पिलाओ।"

मामा चहा घ्यायला गेले नाहीत. ते आधी त्या मुलाकडे गेले आणि त्याच्यापुढे हात जोडले. तो गोंधळला, वाकून त्यांच्या पाया पडला. त्यालाही काही सुचलं नाही, दुसरं काय करणार? मी लांब उभी होते. मामांनी निदान हात जोडले. पुंगळी घरात गेलेली पाहूनही, पोराची झडती चालू असताना तोंड न उघडणारी मी, मी कुणालाच काही म्हणाले नाही.

दुपारी भाऊजी कामात होते. आम्ही दोघं गाव बघायला निघालो. धारचा किल्ला टेकाडावर आहे. दुसरा बाजीराव पेशवा 1775 मध्ये याच किल्ल्यात जन्मला. 1857 च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी त्याला वेढा घालून तो घेतला आणि धारचं संस्थानच खालसा केलं. पुढे 1860 मध्ये ते परत दिलं. त्या काळातली काडतुसं कागदाची. दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची. त्याच कागदाला लावलेल्या चरबीवरून केवढं रान पेटलं, ते सगळ्यांना माहीत आहे. कागद जळून जाई, मागे मोजायला काही राहत नसे.

तिथून लाट मशिदीत गेलो. भोज राजाच्या काळचा मानला जाणारा लोखंडी स्तंभ तिथे आहे. आता तो उभा नाही, तीन तुकडे ओट्यावर आडवे ठेवले आहेत. मोठा तुकडा 24 फुटांचा. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की गुजरातच्या सुलतान बहादूरला तो आपल्याकडे न्यायचा होता, आणि खाली आणताना तो मोडला. मी ही हकिकत मामांना सांगितली. ते स्तंभावर तळवा ठेवून उभे होते.

"न्यायचा मोह झाला आणि मोडला," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "35 वर्षं गेटवर झडती होती म्हणून मी सच्चा होतो का गं? आज गेट नव्हतं, तर पहिल्या तासात हात गेला."

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "मामा, मी पाहिलं होतं. मीही बोलले नाही."

"तू लहान आहेस," ते म्हणाले. मी तेव्हा 46 वर्षांची होते.

रात्री देवासला भाऊजी आमच्याबरोबर आले. बसमध्ये ते सासऱ्यांशी बोलले नाहीत. ताईला काय झालं ते कळेना. तिने गराडू तळले होते, वर लिंबू आणि मसाला. ताटावर बसल्यावर भाऊजींनी पहिला गराडू उचलून मामांच्या ताटात वाढला. "मामा, गरम आहेत तोवर घ्या," एवढंच म्हणाले. मामांनी मान खाली घालून खाल्ला. आमच्याकडे माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

परतीच्या वाटेवर बसमध्ये एक बाई भेटल्या, महूकडच्या. महू म्हणजे मोठी लष्करी छावणी, बाबासाहेबांचं जन्मगाव. आसपास गोळीबाराची मोठी मैदानं आहेत. त्या सांगत होत्या की तिकडे गरीब माणसं भंगार वेचायला मैदानात शिरतात आणि एखादा न फुटलेला गोळा हाताशी येतो. अशा बातम्या त्या भागातून अनेकदा आल्या आहेत. आपल्याकडेही 2018 च्या नोव्हेंबरात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन 6 माणसं गेली. बंदुकीची रिकामी पुंगळी कुणाला इजा करत नाही, पण रानात पडलेली लष्करी वस्तू रिकामी आहे की भरलेली, हे पोटासाठी वेचणाऱ्याला कसं कळावं? मुलांना एवढं सांगून ठेवावं, की अशी वस्तू दिसली तर हात लावू नये, मोठ्यांना बोलवावं.

मामा 2020 च्या उन्हाळ्यात गेले. करोनाच्या टाळेबंदीमुळे ताईला आणि भाऊजींना अंत्यदर्शनाला येता आलं नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात वरणगावची निर्माणी जुन्या मंडळाकडून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेली. मामांना हे आवडलं असतं की नाही, कोण जाणे. भाऊजी 2018 मध्येच निवृत्त झाले होते, कुठलाही ठपका न लागता.

वर्षश्राद्धाला दोघं आले तेव्हा मामांच्या वस्तू वाटायच्या होत्या. घड्याळ, स्वेटर, एक रेडिओ. भाऊजींनी विचारलं, "मामांच्या चष्म्याचं घर कुठे आहे?" मी कपाटातून काढून दिलं. त्यांनी ते उघडलं, आत रिकामंच होतं. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून त्यात ठेवला, घर मिटलं आणि खिशात घातलं.